गुराब म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द आला कुठून?

सर, तुमचा प्रश्न वाचला. अमळनेरकडच्या शाळेत शिवकालीन आरमाराचा धडा शिकवताना 'गुराब' हा शब्द आला. मागच्या बाकावरच्या एका मुलानं "सर, गुराब म्हणजे काय?" असं विचारलं. "लढाऊ जहाज" एवढं सांगून तुम्ही पुढे गेलात, पण मन भरलं नाही. घरी येऊन शोधलंत तर तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली: एक, इंग्रजीत 'ग्रॅब' म्हणजे हिसकावणं, त्यावरून गुराब, दोन, 'गुरु' आणि 'आब', म्हणजे मोठ्या पाण्यातली नाव, तीन, अरबीत गुराब म्हणजे कावळा. यातलं खरं कोणतं, आणि गुराब व गलबत एकच का, असं तुम्ही विचारलंय.

मी धुळ्याला राहतो. २२ वर्षं झाली, मोडी कागद वाचून त्यांचं बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत, लिप्यंतर करून देतो. आपल्या भागातले कागद बहुतेक जमिनीचे, वतनाचे, देण्याघेण्याचे. समुद्राचा कागद क्वचितच येतो, बहुधा कोकणातून इकडे येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या घराण्याचा. असे कागद थोडे असल्यामुळेच त्यातला एकेक शब्द मी फार जपून वाचतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. तिसरं बरोबर आहे. शब्द अरबी आहे आणि अरबीत त्याचा पहिला अर्थ कावळा, डोमकावळा असाच आहे. मात्र त्याला एक पुस्ती जोडावी लागते, ती पुढे येईल. पहिली दोन उत्तरं सोडून द्या, पण का सोडायची ते मुलांना जरूर सांगा. मुलं अशाच उत्तरांना भुलतात, मोठीही भुलतात.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. शब्द कुठून आला हा एक, आणि अमुक कागदात, अमुक साली त्याचा अर्थ काय हा दुसरा. पहिल्याचं उत्तर एकच असतं. दुसऱ्याचं काळ, किनारा आणि कागद कोणाचा, यावर बदलतं. हे दोन्ही एका दमात सोडवायला गेलं की घोटाळा होतो.

'ग्रॅब'चं पाहू. इंग्रज आपल्या पत्रव्यवहारात या जहाजाला 'ग्रॅब' लिहीत, हे खरं. हिसकावून घेणं या अर्थाचा 'ग्रॅब' इंग्रजीत आहे, हेही खरं. आंग्र्यांची जहाजं इंग्रजांची जहाजं पकडत, म्हणून 'हिसकावणारी ती ग्रॅब' असं कोणाला सुचलं तर नवल नाही. पण सनावळी आड येते. इंग्रजांचं पहिलं व्यापारी जहाज सुरतेला लागलं १६०८ मध्ये. त्याच्या अडीचशे वर्षं आधी, १४व्या शतकात, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता गुजरातच्या गंधार बंदरातून जहाजात बसला. ताफ्यातल्या एका जहाजाचं वर्णन तो असं करतो की ते गुराबासारखंच, पण त्याहून रुंद, ६० वल्ह्यांचं, आणि लढाईच्या वेळी वल्हेकऱ्यांना बाण-दगड लागू नयेत म्हणून त्यावर छप्पर घालतात. यात बघण्यासारखी गोष्ट ही की गुराब म्हणजे काय, हे तो समजावून सांगत नाही. वाचणाऱ्याला ते ठाऊक आहे असं धरून, त्याच्या मापानं तो दुसरं जहाज मोजतो. म्हणजे अरब खलाशांच्या तोंडी हा शब्द तेव्हाच मुरलेला होता. इंग्रजांनी तो इथे ऐकला आणि आपल्या जिभेला सोसेल तसा म्हटला.

उच्चारही हेच सांगतो. मराठीनं इंग्रजीतून शब्द घेतला असता तर तो 'ग्राब' झाला असता, मधे 'उ' आलाच नसता. अरबी शब्दात 'उ' आहे, मराठीत आहे, इंग्रजीत गळालाय. गळालेला स्वर पुन्हा जागच्या जागी, तोच, कोणी कसा बसवेल? शिवाय अरबी-फारसीतला तो घशातला 'ग' मराठीत येताना नेहमी साधा 'ग' होतो. गरीब, गुलाम, बाग हे शब्द बघा, सगळ्यांत तेच झालंय. आवाज बदलतात, पण शिस्तीनं बदलतात. हे आपल्या खान्देशी मुलांना शिकवावं लागत नाही. अहिराणीत 'डोळा'चा डोया होतो, 'केळी'ची केयी होते, 'कावळा'चा कावया होतो. 'ळ' तेवढा 'य' होतो आणि तो सगळीकडे होतो. असा नेम दाखवता आला की व्युत्पत्तीला आधार मिळतो. नुसत्या सारखेपणाला आधार म्हणत नाहीत.

'गुरु' आणि 'आब' ही जोडी दिसायला छान, पण त्यात संस्कृत विशेषण आणि फारसी नाम यांची मोट बांधलीय. मिश्र समास मराठीत होतात, ते मी नाकारत नाही. पण या अर्थानं हे दोन शब्द जोडून वापरलेले एकाही जुन्या कागदात मला दिसले नाहीत. शब्दाची फोड करून अर्थ काढणं ही आपली जुनी आवड. आपल्या धुळ्यातच इतिहासाचार्य राजवाड्यांनी शेवटची वर्षं काढली, ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच त्यांचा देह पडला, आणि मराठी शब्दांची मुळं खणण्याचा त्यांचा ध्यास या गावाच्या अंगवळणी पडलाय. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. म्हणूनच म्हणतो, शब्द फोडण्याआधी तो कोणत्या वाटेनं आला हे बघावं.

वाट कळायची असेल तर शब्दाचे सोबती बघावेत. गुराब एकटा आलेला नाही. खलाशी अरबी, सुकाणू अरबी, बंदर फारसी, नाखवा मूळचा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. आपण तालुक्याच्या गावी 'सुकाणू समिती' नेमतो तेव्हा अरब खलाशाच्या हातातला तो दांडा कोणाच्या मनातही येत नाही. अरबी समुद्रावर शेकडो वर्षं अरब, फारसी, गुजराती, कोकणी माणसं एकाच जहाजावर राबत होती. एका डोलकाठीखाली जे शब्द बोलले गेले ते सगळ्यांचे झाले. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनीही भर घातली. खुद्द 'आरमार' हा शब्द पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आलाय, मूळ अर्थ शस्त्रसज्ज. बटाटा, पगार, चावी ज्या घरातून आले त्याच घरातून आरमार आलं.

तुम्ही म्हणाल, यात खान्देशाचा काय संबंध? थोडा आहे. प्रकाशाला ज्या तापीत आपण स्नान करतो तिचंच मुख म्हणजे सुरतेचं बंदर. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी जुनी व्यापारी वाट नवापूर-नंदुरबारवरून जायची. माल जायचा, हाजी जायचे, त्यांच्याबरोबर शब्दही ये-जा करायचे. समुद्र आपण पाहिला नसेल, पण त्याच्यापासून अगदीच तुटलेले नव्हतो. मुलांना नकाशावर तापीवरून बोट फिरवत सुरतेपर्यंत न्या, धडा आपोआप जवळचा होईल.

आता ती पुस्ती. कावळ्याचं नाव जहाजाला का? अंगाला डांबर फासल्यामुळे ते काळं दिसायचं म्हणून, असं कोणी म्हणतं. पुढची नाळ, म्हणजे जहाजाचं तोंडाकडचं टोक, चोचीसारखी लांब निघालेली असायची म्हणून, असं कोणी म्हणतं. मला स्वतःला नाळेची गोष्ट अधिक पटते, कारण गुराबेची ओळख सांगताना जुने लोक सगळ्यात आधी नाळच सांगतात. तिसरं मत असं की कावळा हा योगायोग असावा. ग्रीकमध्ये 'काराबोस', लॅटिनमध्ये 'काराबुस' असा एक छोट्या नावेचा शब्द होता. पोर्तुगीज 'कॅरावेल' त्याच कुळातला मानतात. भूमध्य समुद्रावर अरबांनी तो ऐकला आणि आपल्या भाषेतल्या ओळखीच्या 'गुराब'मध्ये बसवून घेतला, असं काही अभ्यासक म्हणतात. अशी उदाहरणं असतात. आपल्याकडचीच 'फत्तेमारी' घ्या. फत्ते मारणारी, म्हणजे जिंकणारी, असं आपल्याला वाटतं. पण मुळात तो कोकणीकडचा 'पातमार', निरोप पोचवणारा जासूद. त्यावरून जलद जाणारं जहाज, आणि कोणाच्या तरी कानाला 'फत्ते' ऐकू आलं. म्हणून वर्गात सांगताना मी असं सांगेन: शब्द अरबीतून आला हे पक्कं, अरबीत त्याचा अर्थ कावळा हेही पक्कं. कावळ्यावरूनच जहाजाला नाव पडलं हे बहुतेकांचं मत आहे, तिथे 'बहुतेक' हा शब्द राहू द्या.

याला लागून एक गोष्ट मला फार आवडते. १६७९ च्या ऑक्टोबरात खांदेरी बेटापाशी मराठ्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. त्यात मराठ्यांनी इंग्रजांची एक गुराब पकडली, तिचं नाव 'डव्ह', म्हणजे कबुतर. जात कावळ्याची आणि नाव कबुतराचं. इंग्रजांनी नाव ठेवताना गुराब शब्दाचा अर्थ कोणाला विचारला नव्हता हे उघड आहे. आणि इंग्रजांच्या ताफ्यातही गुराबा होत्या, हेही यावरून कळतं. ती फक्त मराठ्यांची चीज नव्हती, त्या किनाऱ्यावर लढायचं तर सगळ्यांनाच ती लागायची.

आता दुसरा प्रश्न, अर्थाचा. इब्न बतूताच्या काळी, आणि भूमध्य समुद्रावर तर आणखी आधीपासून, गुराब म्हणजे मुख्यतः वल्ह्यांवर चालणारं लांब लढाऊ जहाज. कोकण किनाऱ्यावर १७व्या-१८व्या शतकात येईतो ती शिडांवर चालणारी, तोफा वाहणारी झाली होती. नाव तेच राहिलं, अंगकाठी बदलली. म्हणून कोणी 'गुराबेला वल्ही असत का?' असं विचारलं तर मी आधी विचारतो, कुठली, कोणत्या साली?

मराठ्यांच्या गुराबेचं बारकाईनं वर्णन रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानं केलंय, आंग्र्यांच्या आरमाराबद्दल लिहिताना. त्यातलं वर्गात उपयोगी पडेल तेवढं सांगतो. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांपर्यंत, दोन काठ्यांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानानं रुंदी बरीच, मधून पुढे निमुळती होत गेलेली, आणि तोंडाशी गोलाई नसून लांब पुढे निघालेली नाळ. फळ्यावर काढायची असेल तर बैलगाडीची दांडी आठवा. गाडीचा साटा संपतो आणि दांडी पुढे जातच राहते, तशी ती नाळ. या नाळेच्या मागे एक आडवी फळ्यांची भिंत, त्या भिंतीत भोकं, आणि त्या भोकांतून समोर तोंड केलेल्या दोन तोफा, नऊ ते बारा पौंडी. म्हणजे साधारण चार ते साडेपाच किलोचा गोळा, नाळेच्या डोक्यावरून पुढे जाणारा. कडेच्या तोफा त्याहून लहान.

इथे सर, मुलांना थांबवून विचारा: तोफा समोर का? युरोपियन जहाजांच्या तोफा मुख्यतः दोन्ही कुशींना असत. त्यांना गोळा टाकायचा तर जहाज आडवं करावं लागे. गुराब पाठलाग करता करताच गोळा टाकू शकत होती. समोरच्या जहाजाच्या मागच्या बाजूला, जिथे त्याच्या तोफा कमी, तिथे जमायचं, आधी डोलकाठ्या आणि दोर तोडायचे आणि त्याला लुळं करायचं. ही सगळी रीत त्या नाळेवरच्या दोन तोफांमधून निघालेली आहे. जहाजाची बांधणी कळली की लढाई कळते.

आणि म्हणूनच गलबत वेगळं. गलबत त्याच घाटाचं, पण लहान, ७० टनांपर्यंतचं, ४०-५० वल्ह्यांचं. वल्हवत ते तासाला चार मैल जायचं, म्हणजे झपाझप चालणाऱ्या माणसाइतकं. हे फार वाटत नाही, पण वारा पडलेला असताना समोरचं मोठं जहाज जागचं हलत नाही, तेव्हा हे चार मैल म्हणजे सर्व काही. वारा नसला की गलबतं पुढे होऊन गुराबेला ओढत न्यायची, जसं चिखलात रुतलेल्या गाडीला शेजारची बैलजोडी जुंपतात. आणि शत्रू लुळा पडला तरी शरण येत नसला की हीच गलबतं माणसांनी भरून त्याला जाऊन भिडायची, आणि तलवारी घेऊन माणसं वर चढायची. तोफ गुराबेची, पाय गलबताचे. एकमेकांशिवाय दोन्ही अपुरी.

हे मराठ्यांनी जाणूनबुजून ठरवलेलं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यनीतीवरच्या ग्रंथात, आरमारावर वेगळं प्रकरण आहे. त्यात त्यांनी गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात, असं म्हटलंय, आणि थोर 'फरगात', जी वाऱ्याविना कामाची नाहीत, ती करू नयेत, असंही. हे 'फरगात' म्हणजे पोर्तुगीज 'फ्रगाता', आजचं फ्रिगेट. एका आरमारी सुभ्याला, म्हणजे ताफ्याच्या एका तुकडीला, ५ गुराबा आणि १५ गलबतं, असं प्रमाणही तिथे आहे. एका गुराबेमागे तीन गलबतं. ऑर्मनं समुद्रावरची जी रीत वर्णन केलीय तिचा हिशेब अमात्यांनी आधीच कागदावर मांडून ठेवलाय, असं मला हे आकडे पाहिल्यावर वाटलं. एकमेकांना परकी दोन माणसं, दोन वेगळ्या बाजूंची, एकमेकांचं न वाचता तेच सांगतात, तेव्हा त्यावर विश्वास ठेवावा.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तुमच्या मुलांच्या हातूनही ती होईल. शिकायला लागलो तेव्हा माझ्यासमोर एका जुन्या मोडी पत्राची बाळबोध नक्कल होती, कोणीतरी घाईत उतरवलेली. त्यात मी वाचलं, 'गुरावा पांच'. 'ब'च्या पोटातली आडवी रेघ उतरवणाऱ्यानं दिलीच नव्हती, आणि 'ब'चा 'व' झाला होता. मी समासात लिहिलं, 'गुरव, ५'. आमच्या तालुक्यात प्रत्येक देवळाला गुरव, त्यामुळे खटकलंही नाही. ज्यांच्याकडे शिकत होतो त्यांनी कागद हातात घेतला, पुढच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अरे, पुढे गलबतं आहेत ना? मग मागे देवळातला गुरव कशाला येईल? शब्द कळला नाही की शेजारी बघायचं." त्या दिवशी मी मूळ मोडी कागद काढून पुन्हा पहिल्यापासून वाचला. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळभर शिरोरेघ आधी ओढलेली असते, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्यानं ठरवायचं. तिथे नुसत्या अक्षरावर भागत नाही.

म्हणून मुलांना व्याख्या पाठ करायला देण्यापेक्षा एक ओळ द्या: 'पाच गुराबा व पंधरा गलबते'. विचारा, यातली मोठी कोणती असेल, संख्येवरून सांगा. ज्याची संख्या कमी ते मोठं, हे त्यांचं त्यांना सुचेल. मग नाळ काढा, तोफा काढा, आणि शेवटी कावळा सांगा.

आणखी एक बारीकसं. अरबीत शब्द पुल्लिंगी आहे. मराठीत तो नाव, होडी, नौका यांच्या पंगतीत बसला आणि स्त्रीलिंगी झाला. गलबत मात्र तारू, जहाज यांच्यासारखं नपुंसकलिंगी. तेव्हा ती गुराब, त्या गुराबा, जशी वाट आणि वाटा. 'तो गुराब' असं कुठे छापलेलं दिसलं तर वर्गात वाचताना दुरुस्त करून घ्या, आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला फळ्यावर पहिली गुराब काढायला बोलवा.